विमान काढू की जहाज?

"मुबारक हो, भाऊ," खलफ रंगारी दारातून म्हणाला. "विमान काढू की जहाज?"

मी अंगणात बसून पंपाचं नोझल धूत होतो. कोपरापर्यंत डिझेल लागलेलं. मला वाटलं, याचं घर चुकलं. समोरच्या हाजी बखीतच्या भिंतीला नवा चुना लागला होता आणि खलफ तिथे शिडी लावून काम करत होता.

"बखीतकाकांचं घर ते समोरचं," मी म्हणालो.

"ते ठाऊक आहे. तिथला फक्त उंट राहिलाय. मला तुमच्या पोरीने बोलावलं. सकाळपासून शिडीखाली उभी आहे. म्हणते, 'माझी आईपण हजला गेलीय, आमची भिंत कधी करणार?' मी म्हटलं, बापाला विचारतो. बाई विमानाने गेल्या ना? हल्ली सगळे विमानानेच जातात. पण जहाज दिसतं झकास. धूर काढता येतो."

आमच्या बाजूला हजला गेलेलं माणूस परत यायच्या आत घराची दर्शनी भिंत रंगवून ठेवतात. मधोमध काळा काबा, एका बाजूला विमान नाहीतर जहाज, उंट, आणि वर त्या माणसाचं नाव. गावातून चालत गेलं की कोण कोण जाऊन आलं ते भिंतीच सांगतात. खलफ नदीपलीकडच्या गावचा. आमच्या घरात काय झालं ते त्याला माहीत असायचं कारण नव्हतं.

"माझी बायको हजला गेलेली नाही," मी म्हणालो. "मेली ती."

खलफच्या हातातला ब्रश तसाच राहिला. ब्रशातून निळा रंग उंबऱ्यावर ठिबकत होता. तो काहीतरी पुटपुटला, चहासुद्धा न घेता गेला आणि संध्याकाळपर्यंत आमच्याकडे पाठ करून उंट रंगवत बसला.

मी बाहेर येऊन आमची भिंत बघितली. माझं लक्षच नव्हतं इतके दिवस. कमरेच्या उंचीवर कोळशाने एक विमान काढलेलं होतं. माशासारखं, शेपटी वर. त्याला खिडक्या होत्या. एका खिडकीत बाईचं डोकं, आणि त्या डोक्याला दोन्ही बाजूंनी चंद्रकोरी. बदरियाच्या कानात तसल्याच चंद्रकोरी होत्या, सोन्याच्या, तिच्या आईने दिलेल्या. विमानाखाली कपड्यांच्या निळीने उमटवलेले छोटे पंजे होते.

नुहा माझ्या मागे येऊन उभी राहिली. पाच वर्षांची आहे. हात पाठीमागे लपवलेले.

"निळीसाठी ओरडशील?" तिने विचारलं.

"नाही."

"मग त्या काकांना सांग ना. आई येईल तेव्हा आपलीच भिंत काळी दिसेल."

बदरिया लिव्हरने मेली. आधी डोळे पिवळे झाले, मग पोटात पाणी झालं, मग शहरातल्या इस्पितळाने घरी न्या म्हणून सांगितलं. हाजींची बस गावातून ढोल वाजवत निघाली त्याच आठवड्यात ती मेली. मी गेली म्हणत नाही, मेली म्हणतो. गावात माझ्याशिवाय कुणी तो शब्द उच्चारत नाही.

हात न धुताच मी कालव्यापलीकडे इतिदालकडे गेलो. इतिदाल बदरियाची थोरली बहीण. मयत घरात होतं तोवर नुहा तिच्या मुलांबरोबर होती, म्हणून मला सरळ तिचाच संशय आला. ती ओट्यावर मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत बसली होती.

"मुस्तफाची आई, माझ्या पोरीला काय सांगितलंत तुम्ही?"

"बस आधी. केवढा डिझेलचा वास येतोय तुला. चहा टाकू?"

"चहा नको."

तिने पानं बाजूला ठेवली. "मग काय सांगायचं होतं? कफनाचं कापड घरात आलं ते हिने बघितलं. विचारते, मावशी, हे पांढरं कुणाला? माझ्या तोंडून निघून गेलं, आईला, ती हजला चाललीय. आदल्याच दिवशी हाजी पांढऱ्या कपड्यात बसमध्ये चढताना हिने पाहिले होते. लगेच पटलं तिला. हसली रे ती, शाझली! त्या दिवशी त्या घरात कोण हसलं होतं दुसरं?"

"आणि सरबत?"

तिने पानं पुन्हा हातात घेतली.

दुखवट्याच्या तिसऱ्या दिवशी नुहाच्या ओठांभोवती लाल वर्तुळ होतं. मी पाहिलं होतं, पण गोळीबिळी खाल्ली असेल असं वाटलं. आता सगळं कळलं. बायका काळ्यात बसलेल्या, बिनसाखरेची कॉफी पीत होत्या, आणि पोरीने विचारलं असणार की माझी आई हजला गेलीय तर आपल्याकडे सरबत का नाही. बखीतकाकांच्या घरी तर बादलीभर वाटलं. मग इतिदालने तिला मागच्या खोलीत नेऊन लाल सरबत पाजलं.

"तिच्या आईच्या मरणाचं सरबत पाजलंत तिला," मी म्हणालो. डिझेलचा वास मला कधी लागत नाही, त्या दिवशी लागला.

"तोंड सांभाळून बोल. माझी बहीण होती ती. मी तिला शेवटची आंघोळ घातली, या हातांनी. तू बाहेर पुरुषांत खुर्चीवर बसला होतास."

ते खरं होतं. 

"हाजी परत येतील तेव्हा काय करायचं?"

"तोवर विसरेल. पोरांचं मन पाण्यासारखं असतं. मुस्तफाचा आजा वारला तेव्हा त्याला सांगितलं होतं, अलेक्झांड्रियाला हवा बदलायला गेलेत. महिनाभर विचारलं, मग सोडलं."

"सोडलं नसेल. विचारायचं थांबला असेल."

"तू फार शहाणा! जा मग, सांग तिला. लेकराच्या डोळ्यांत बघून सांग, तुझी आई मेली. बघू दे कशी जीभ वळते ती."

मी आलो परत. तिचं शेवटचं वाक्य मात्र मानेवर बसलं.

मी शिकलेला माणूस नाही. वाटलं, आपल्याला शब्द माहीत नसतील, माहीत असलेल्यांना विचारावं. बालवाडीतल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आई झोपलीय म्हणा, खूप गाढ. मी विचारलं, मग ही रोज रात्री झोपेल कशी? त्या म्हणाल्या, तुम्ही फारच खोलात जाता. मशिदीतल्या शेखना विचारलं. भला माणूस, बदरियाच्या मयताच्या नमाजाला रडला होता. तो म्हणाला, खोटं बोलू नकोस, पण कडू गोळी मधात घालून दे. सांग की देवाला तुझी आई फार आवडली. ते मी खरंच सांगून बघितलं, आडून आडून, दुसऱ्याच कुणा बाईचं नाव घेऊन. नुहा म्हणाली, "त्या बाईला मुलगी होती?" मी म्हटलं, होती. "मग देवाला सांगायचं ना, तिच्या मुलीला ती जास्त आवडते."

मध एवढा घालतात की मुंग्या लागतात त्याला. मला सगळ्यांची शिसारी यायला लागली. गल्लीतल्या बायका नुहाला बघितलं की गालावर हात फिरवत, आवाज बारीक करत, "आई आली का गं फोनवर?" असं विचारत आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून डोळे पुसत. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळं गाव मिळून एका पाच वर्षांच्या पोरीला फसवत होतं, आणि फसवताना प्रत्येकाला आपण किती कोवळ्या मनाचे असं वाटत होतं. बखीतची सून तर एकदा म्हणाली, "काय गं नुहा, आई माझ्या सासऱ्यांच्या शेजारच्याच तंबूत आहे म्हणे." मी समोर होतो. पोरगी आत गेल्यावर तिने मला हळूच सांगितलं, "तेवढंच तिला बरं वाटतं." मी तिच्या उंबऱ्यापाशी थुंकलो. ती आता माझ्याशी बोलत नाही.

माझा बाप दगडखाणीत मेला तेव्हा मी नुहापेक्षा थोडा मोठा होतो. मला सांगितलं, सुवेझला कामाला गेलाय. सुवेझहून सुट्टीवर आलेल्या प्रत्येक माणसाला मी विचारायचो. ते एकमेकांकडे बघायचे आणि माझ्या हातात शेंगदाणे द्यायचे. अजून मला भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास सहन होत नाही.

मोठ्या ईदनंतर हाजींची बस येणार होती. बस कालव्याच्या पुलापाशी थांबते, ढोलवाले पुढे असतात, सगळं गाव जमतं. नुहा तिथे उभी राहणार होती. दारातून उतरणारं एकेक तोंड बघणार होती, आणि शेवटी ड्रायव्हर उतरणार होता. ते मला रोज दिसायचं. त्याच्या आत मला तिला सांगायचं होतं, आणि तिला सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

एकदा जेवताना सुरुवात केली. तिने भाकरीचा तुकडा मोडून वांग्यात बुडवला होता.

"नुहा, आई येणार नाहीये."

"माहितीये," ती म्हणाली. "आज नाही. बस ईदनंतर येते." आणि तुकडा तोंडात घातला.

माझी जीभ वळली नाही. इतिदाल बरोबर ठरली म्हणून मी ताटावरून उठलो.

ईदसाठी मेंढा आणला होता. नुहाने त्याचं नाव बटाटा ठेवलं. त्याला बरसीम चारायची, त्याच्या पाठीवर डोकं ठेवून बसायची. तो आमच्याच अंगणात बांधलेला, कापायचा मात्र इतिदालच्या घरच्यांसोबत. ईदच्या सकाळी कसाई आला. गल्लीतली सगळी पोरं गोळा झाली. कुणी एकाही पोराला आत जा म्हटलं नाही. कसायाने बटाटाला डाव्या कुशीवर पाडला, देवाचं नाव घेतलं आणि सुरी फिरवली. पाय झाडत होते ते हळूहळू थांबले. पोरं बघत होती. नुहापण बघत होती, माझा झगा मुठीत धरून. रक्त वाहत नालीपर्यंत गेलं. इतिदालच्या मोठ्या मुलाने, मुस्तफाने, नुहाला उचलून तिचा पंजा रक्तात बुडवला आणि आमच्या भिंतीवर दाबला, विमानाखाली, निळ्या पंजांच्या रांगेत. शुभ असतं ते. बायकांनी हाळी दिली.

"उठेल का तो?" नुहाने विचारलं.

"छे गं," मुस्तफा हसला. "मेला तो! आता मटणाचा फत्ता खायचा."

हा शब्द त्याने सहज म्हटला. बटाटासाठी तो शब्द चालत होता. ज्या पोरीला मान कापलेली दाखवतात, रक्तात हात बुडवायला लावतात, तिच्या कोवळ्या जिवाला एक शब्द सोसणार नाही म्हणून सगळं गाव कुजबुजत बोलतं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

दुपारी इतिदाल आमच्याच अंगणात वजडी धुवायला बसली. आतडी उलटी करून, सुरीच्या पाठीने खरवडून, चुन्याच्या पाण्यात बुचकळून. शेणाचा, रक्ताचा आणि ओल्या लोकरीचा वास सगळ्या अंगणात. माश्या तिच्या मनगटावर बसत होत्या. नुहा समोर उकिडवी बसून बघत होती.

"मावशी, आईनेपण तिकडे मेंढा कापला?"

"कापला तर! हाजी सगळे कापतात."

"त्याचं नाव काय होतं?"

इतिदालने हातातलं आतडं खाली ठेवलं. मग तिच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, साखरेत भिजवलेलं. "थांब, विचारूनच घेऊ." तिने ओला हात झग्याला पुसल्यासारखा केला, ओढणीखालून मोबाईल काढला आणि कानाला लावला. "हॅलो? बदरिया? ईद मुबारक गं! हो हो, पोरगी जेवली. हो, शहाण्यासारखी वागते. तुझी फार आठवण काढते. काय? त्याचं नाव? पांढरू? बघ नुहा, पांढरू होतं म्हणे!"

मी पाच हातांवर होतो. मेलेल्या बहिणीशी बोलत होती ती, वजडीच्या पाण्याने ओल्या हाताने, आणि तिला स्वतःला ते गोड वाटत होतं. तिच्या डोळ्यांत पाणीपण होतं. तेच मला सगळ्यात घाण वाटलं.

"मला दे," नुहा म्हणाली.

इतिदालला आता मागे फिरता येईना. तिने फोन पोरीच्या कानाला लावला. फोनच्या कडेला चरबी लागलेली होती.

"आई?" नुहा म्हणाली. "आई, मी आहे."

ती ऐकत राहिली. कपाळाला आठ्या घालून, श्वास धरून. माश्या घोंगावत होत्या. मग तिने फोन काढून त्याच्याकडे बघितलं.

"बोलत नाहीये."

"नेटवर्क नसेल गं, राणी. लाखो माणसं आहेत ना तिकडे."

"माझा कान घाण झाला," नुहा म्हणाली आणि बाहीने कान पुसायला लागली. पुसत राहिली, लाल होईपर्यंत.

मी पुढे झालो. तिला उचलून कडेवर घेतलं. इतिदाल म्हणाली, "शाझली, कुठे निघालास? भर उन्हात? अरे, ईद आहे आज!" मी थांबलो नाही. थांबलो असतो तर त्या वजडीच्या पातेल्याला लाथ बसली असती.

कबरस्तान डोंगराच्या पायथ्याशी आहे, ऊस संपतो आणि वाळू सुरू होते तिथे. सकाळी सगळं गाव तिथे येऊन गेलं होतं. कबरींवर खजुरीच्या हिरव्या फांद्या टाकलेल्या होत्या, भाकरीचे तुकडे सांडलेले, त्यावर चिमण्या. नुहाला आणलं नव्हतं. मीसुद्धा पहाटे तिला झोपलेली सोडून आलो होतो.

बदरियाची मातीची कबर अजून ताजी दिसते. डोक्याशी एक दगड. मी नुहाला खाली उतरवलं आणि बसलो.

"नुहा, आई मेली."

बस. एवढंच होतं ते. किती दिवस मी ते तोंडात धरून हिंडत होतो.

ती माझ्याकडे बघत होती.

"ती हजला गेली नाही. ती आजारी होती, तिचं पोट फुगलं होतं, तू पाहिलंस. मग ती मेली. ती इथे आहे, या मातीखाली. ती येणार नाही. बसमधूनपण नाही, विमानातूनपण नाही."

"बटाटासारखी मेली?"

"मेली बटाटासारखी. पण तिला कुणी मारलं नाही. आजाराने मेली. आता श्वास घेत नाही, बोलत नाही, तिला दुखत नाही."

तिने मातीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत भीती आली, पण मला वाटलं होतं ती नाही.

"मग तिलापण कापून वाटलं?"

"नाही! नाही, बाळा. माणसाला कधीच नाही. कुणी हात लावला नाही तिला."

"वजडीपण नाही काढली?"

"नाही. सगळी आहे ती. अख्खी. म्हणून तर मातीत ठेवतो, कुणी हात लावू नये म्हणून. मावशीने तिला आंघोळ घातली, पांढऱ्या कापडात गुंडाळलं, आणि मी आणि काका लोकांनी इथे ठेवलं. मी स्वतः खाली उतरलो होतो."

"तेच पांढरं कापड? मी बघितलेलं?"

"तेच."

"तिच्या तोंडात माती जात असेल."

"नाही. वर दगडाच्या फरशा आहेत. मग माती."

तिने पायाने वाळू उकरली. "कानातलं?"

"घरी आहे. डब्यात. मोठी झालीस की तुझं."

"म्हणजे आत्ता तिच्या कानात नाही?"

"नाही."

"मग मी चुकीचं काढलं," ती म्हणाली, आणि तेव्हा रडली. विमानातल्या त्या खिडकीसाठी रडली. तोंड उघडं टाकून, नाक गळत, आवाज न थांबवता. मी तिला गप्प हो म्हटलं नाही. मीही रडलो. ईदच्या दुपारी तिथे कुणी नव्हतं, चिमण्यांशिवाय.

रडून झाल्यावर तिने विचारलं, "मग फोनवर कोण होतं?"

"कुणीच नव्हतं."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "नुसता हवेचा आवाज येत होता."

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. नुहानेच सांगितलं, भेटेल त्याला, दुकानात, गल्लीत, ईदला बखीतकाकांकडे आलेल्या खलफलासुद्धा. "माझी आई मेली. डोंगराकडे आहे." जणू हरवलेली चप्पल सापडली. बायका छातीवर हात मारत माझ्या दारात आल्या. बखीतची सून लांबूनच ओरडली, "बाप आहे की कसाई? ईदच्या दिवशी! एकाच दिवसात दोन गळे कापले!" इतिदालचा नवरा म्हणाला, "अरे, निदान बस येईपर्यंत तरी थांबायचंस." मी त्याला विचारलं, बस आल्यावर काय होणार होतं? इतिदाल आली नाही. तिने वजडीचा वाटा मुस्तफाच्या हाती पाठवला. मी तो गल्लीतल्या कुत्र्यांना घातला.

त्या रात्री नुहाने अंथरूण ओलं केलं. त्यापुढचे काही दिवस ती माझ्या मागे मागे फिरायची, पंपाच्या कामावरसुद्धा, उसात बसून राहायची. गाव म्हणालं, बघा, पोरीचं काय करून ठेवलं. मीही मनात घाबरलो होतो. पण बस आली त्या दिवशी ती म्हणाली, "मला बखीतकाकांना बघायचंय." मी तिला खांद्यावर घेऊन पुलावर गेलो.

ढोल, धूळ, बायकांच्या आरोळ्या. बखीतकाका उतरले, वाळलेले, पांढरी दाढी वाढलेली, लोक त्यांचे हात चुंबत होते. नुहाने सगळी माणसं उतरेपर्यंत बघितलं. शेवटी ड्रायव्हर उतरला. मी तिचे गुडघे घट्ट धरले होते.

"संपली," ती म्हणाली. बस्स.

तेवढ्यात इतिदाल गर्दीतून वाट काढत आली. तिच्या हातात झमझमच्या पवित्र पाण्याची छोटी बाटली आणि हिरव्या मण्यांची माळ होती. माझ्याकडे तिने बघितलंच नाही. मान वर करून, त्याच बारीक आवाजात म्हणाली, "नुहा! बघ गं, आईने तुला काय पाठवलं! बखीतकाकांजवळ दिलं. म्हणाली, माझ्या राणीला दे—"

मी तोंड उघडणार तोच वरून नुहा बोलली. मोठ्याने नाही. पण आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या.

"मावशी, तू आईला आंघोळ घातलीस ना?"

इतिदालने बाटली छातीशी धरली.

"पाणी गरम होतं का?"

इतिदालच्या हातातली माळ खाली गेली. मी तिचा चेहरा बघत होतो. ते साखरेचं हसू आधी ओठांवरून उतरलं, मग गालांवरून, आणि खाली जे निघालं ते बदरियाच्या बहिणीचं तोंड होतं. बदरिया मेल्यापासून मी ते पाहिलं नव्हतं.

"कोमट होतं," ती म्हणाली. तिचा खरा आवाज जाडा आहे. "मी आधी माझ्या मनगटावर टाकून बघितलं. केस मीच विंचरले तिचे. वेण्या घातल्या."

"किती?"

"तीन. तशाच घालतात."

नुहाने मान हलवली. तिचं समाधान झालं. तिने हात खाली केला आणि बाटली घेतली, माळ नको म्हणाली. इतिदाल पुलाच्या कठड्याला धरून उभी राहिली. तिला रडताना मी सोडून आलो. किळस गेली होती असं नाही. पण त्या घटकेला तिच्याकडे बघवत होतं, एवढंच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खलफ बखीतकाकांकडे राहिलेली आपली शिडी न्यायला आला. चुन्याची अर्धी बादली उरली होती ती घेऊन आमच्या दारात उभा राहिला. "भाऊ, हात मारून देऊ का भिंतीवर? पैसे नकोत."

मी नुहाकडे बघितलं. ती माझ्या दोन गुडघ्यांमध्ये बसली होती, मी तिच्या केसांतला गुंता सोडवत होतो. मला ते नीट येत नाही, ती सारखी ओरडते. ती उठली, रांजणात फडकं बुडवलं आणि विमानाची ती एक खिडकी पुसली. कोळसा फाकला, खिडकीच्या जागी राखाडी डाग राहिला. बाकी तिने काही पुसलं नाही. पंजे राहिले, निळे आणि तो एक तपकिरी झालेला.

"विमान राहू दे," ती खलफला म्हणाली. "रिकामं आहे ते."

खलफ बादली घेऊन गेला. ती परत येऊन माझ्या गुडघ्यांमध्ये बसली आणि डोकं पुढे केलं.

"बाबा, आजपण आई मेलेलीच आहे?"

"हो."

"उद्यापण?"

"उद्यापण."

"मी उद्या परत विचारलं तर चिडशील?"

"नाही," मी म्हणालो. "विचार."

मी कंगवा हातात घेतला.

"हळू," ती म्हणाली.